खोगीरभरती

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायची गादी. तिच्या पोटात चिंध्या, पेंढा, लोकर, जे हाताशी असेल ते कोंबत. आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि कुणाला त्याची फारशी पर्वाही नसे. म्हणून आजही एखाद्या दिवाळी अंकात, मंत्रिमंडळात किंवा सिनेमात नुसतं जागा भरायला घातलेलं काही दिसलं की आपण म्हणतो, ‘ही सगळी खोगीरभरती’. घोडा गेला, खोगीर गेलं, शब्द मात्र राहिला.

हा शब्द आठवण्याचं कारण डर्ट बाइक. शनिवारी दुपारी निघायचं, डांबरी रस्ता संपला की मातीच्या वाटेने वर चढायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि रविवारी परत यायचं, हे आता बरीच तरुण मुलंमुली करतात. निघण्याआधी एकच प्रश्न सगळ्यांना पडतो : सामान न्यायचं कशात? दुकानं हजार उत्तरं देतात. ॲल्युमिनियमच्या पेट्या, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कापडी पिशव्या, सीटमागची गोल बॅग, टाकीवरची छोटी बॅग. पण हा प्रश्न मोटरसायकलच्याही आधीचा आहे. स्वार, त्याचं जनावर आणि त्याचं ओझं या तिघांचं भांडण फार जुनं आहे, आणि त्यात कोण कधी जिंकलं हे पाहिलं की बॅग निवडणं बरंच सोपं होतं.

तोबऱ्यातला संसार

ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात एक आख्यायिका दिली आहे. थोरल्या बाजीरावाचा दबदबा ऐकून निजामाने आपला चित्रकार पाठवला आणि बाजीराव जसा दिसेल तसा काढून आण, असं सांगितलं. चित्र आलं. त्यात ना अंबारी होती, ना छत्रचामर. घोड्यावर बसलेला एक स्वार, भाला खांद्यावर टेकवलेला, लगाम सैल सोडलेला आणि दोन्ही हातांनी कणसं चोळून दाणे खात चाललेला. घोड्याच्या अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या त्याच्याच तोबऱ्यात कोंबलेल्या, कुठल्याही साध्या शिलेदारासारख्या.

गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली सामानाची यादी मात्र पक्की आहे. तोबरा ही घोड्याला चंदी खाऊ घालायची पिशवी. मुक्कामावर ती घोड्याच्या तोंडाला बांधायची, वाटेत तिच्यातच घोडा बांधायच्या दोऱ्या ठेवायच्या. एक वस्तू, दोन कामं. स्वाराचं जेवण शेतात उभं, म्हणजे त्याचं ओझं शून्य.

१७२८ मध्ये पालखेडला या हलकेपणाची परीक्षा झाली. बाजीराव जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा फिरत राहिला आणि निजामाचं अवजड सैन्य त्याच्या मागे फरफटत गेलं. शेवटी निजाम पालखेडजवळ कोंडला गेला, त्याचं पाणी तुटलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला.

बत्तीस वर्षांनी चित्र उलटलं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले तेव्हा सोबत जड तोफखाना होता, कुटुंबकबिले होते, तीर्थयात्रेला निघालेले लोक होते, व्यापारी होते. न लढणाऱ्या या गर्दीला मराठीत ‘बाजारबुणगे’ म्हणतात. अवजड सामान आणि बायकामुलं मागे ठेवून हलक्या घोडदळाने लढावं, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचं इतिहासकार नोंदवतात. तो मानला गेला नाही. पानिपतचा पराभव एकट्या सामानामुळे झाला, असं म्हणणं बालिश ठरेल. त्याला राजकारण होतं, रसद तुटणं होतं, त्या दिवसाचं दैव होतं. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधी कित्येक आठवडे त्या छावणीत जी उपासमार झाली, तिच्यात खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा जास्त होती, हे नाकारता येत नाही.

नऊ किलो टपाल

पानिपतनंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत याच भांडणावर एक सुंदर तोडगा निघाला. एप्रिल १८६० मध्ये पोनी एक्स्प्रेस ही टपालसेवा सुरू झाली. मिझुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर, साधारण दहा दिवसांत. सडपातळ पोरं स्वार म्हणून घेत. दर पंधरा-वीस किलोमीटरवर ताजा घोडा तयार असे आणि बदलायला फक्त दोन मिनिटं मिळत.

दोन मिनिटांत खोगीर सोडून दुसऱ्या घोड्यावर कसणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी ‘मोचिला’ वापरली. चामड्याचा एक मोठा तुकडा, चार कोपऱ्यांना चार कुलूपबंद कप्पे, मधे खोगिराच्या उंचवट्यांसाठी भोकं. ती खोगिरावर नुसती टाकायची आणि तिच्यावर बसायचं. ना पट्टा, ना बक्कल, ना गाठ. स्वाराचंच वजन तिला जागेवर धरून ठेवी. घोडा बदलताना ती ओढून काढायची, नव्या घोड्यावर फेकायची आणि निघायचं. तिच्यात मावायचं साधारण वीस पौंड टपाल, म्हणजे नऊ किलो.

१८६१ च्या ऑक्टोबरमध्ये तारेचे खांब देशभर जोडले गेले आणि पोनी एक्स्प्रेस बंद पडली. सगळा खेळ दीडच वर्षाचा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा : सामान स्वाराच्या बुडाखाली, आणि वजन नऊ किलो. पुढे दोन्ही परत भेटणार आहेत.

शिंप्याचा तंबू

घोडागाडीच्या काळात मुक्काम म्हणजे गाड्याभर सामान असंच समीकरण होतं. ते मोडलं टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या एका इंग्रज शिंप्याने. १८५३ मध्ये, लहान मुलगा असताना, त्याने आईवडिलांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची माळरानं पाहिली होती. उघड्यावर राहण्याची गोडी तिथली. मोठा झाल्यावर त्याने तीच मजा सायकलवर आणायची ठरवली, आणि तिथे त्याचा धंदा कामी आला. कापडाचं वजन त्याच्या बोटांना कळत होतं. जाड किंतानाऐवजी त्याने रेशमी कापडाचे तंबू बेतले आणि खांबांसाठी एकात एक बसणारे बांबूचे तुकडे वापरले.

आयर्लंडमधल्या अशाच एका सफरीवर त्याने १८९८ मध्ये पुस्तक लिहिलं. १९०१ मध्ये सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि १९०८ मध्ये त्याचं ‘द कॅम्पर्स हँडबुक’ आलं. हलक्या कॅम्पिंगचा छंद तिथून रुजला. सायकलस्वाराला लबाडी करता येत नाही. प्रत्येक जादा वस्तू चढावर त्याच्याच मांडीला लागते.

पेट्यांचं युग

इंजिन आलं आणि ही शिस्त सुटली. ओझं आता पेट्रोल ओढणार होतं. मोटरसायकलला साइडकार जोडली गेली, ट्रेलर जोडले गेले. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी लंडनहून निघाल्या त्या ६०० सीसीच्या पँथर मोटरसायकलला साइडकार आणि तिच्यामागे ट्रेलर लावून. सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये त्या केपटाउनला पोचल्या. ट्रेलर घेऊन वाळवंट पार करणं हा त्यांच्या जिद्दीचा पराक्रम, सामानरचनेचा नव्हे. त्याच सुमारास रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण एकट्या डग्लस मोटरसायकलवर लंडनहून टोकियोकडे गेला. त्याचा रस्ता भारतातूनही गेला. पुस्तकाला त्याने नाव दिलं ‘वन मॅन कॅराव्हॅन’, एकट्या माणसाचा तांडा.

पुढे डांबरी रस्ते वाढले, गाड्या जड झाल्या आणि दोन्ही बाजूंना टणक पेट्या आल्या. हमरस्त्यावर त्यांना तोड नाही : पाणी शिरत नाही, कुलूप लागतं, सामान चुरगळत नाही. आपल्याकडे गावोगावच्या गवळ्यांनी मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवल्या, त्यातही हेच तत्त्व. पण गवळी कधी ती गाडी घेऊन नदीच्या दगडगोट्यांत उतरत नाही.

२००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या दोन नटांनी लंडन ते न्यूयॉर्क प्रवासाची ‘लाँग वे राउंड’ ही मालिका केली. गाड्या बीएमडब्ल्यूच्या, रिकाम्याच अडीचशे किलोच्या आसपास, वर पेट्या आणि पिशव्या. मालिकेने जगभर या पेट्यांचं वेड पसरवलं. गंमत अशी, की पेट्यांविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावाही तिच्यातच आहे. मंगोलियाच्या चिखलात गाड्या पुन्हापुन्हा आडव्या झाल्या. कॅमेरामन क्लाउडियो फॉन प्लांटा यांची बीएमडब्ल्यू नादुरुस्त झाली तेव्हा त्यांनी रशियन बनावटीची एक स्वस्त, हलकी मोटरसायकल विकत घेतली आणि तिच्यावर वाट काढली.

मातीत टणक पेटी का नको, याचं कारण शोभेचं नाही, हाडाचं आहे. वाळूत किंवा चिखलात गाडी डगमगली की स्वार आपोआप पाय खाली टेकतो. गाडी पुढे सरकते, पाय तिथेच राहतो आणि मागून येणारी पेटी पोटरीवर आदळते. घोटा आणि नडगी मोडायचा हा ठरलेला मार्ग आहे. शिवाय पेटीला लोखंडी रॅक लागतो. रॅक आणि पेट्या मिळून एक चड्डीबनियन ठेवण्याआधीच दहा-पंधरा किलो भरतात, आणि तेही मागच्या चाकाच्या आसपास, उंचावर.

पुन्हा बुडाखाली

२००८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जायंट लूप नावाची छोटी कंपनी सुरू झाली. तिची पिशवी घोड्याच्या नालेच्या आकाराची. दोन पाय सीटच्या दोन्ही बाजूंना, वळण मागे शेपटीवर. रॅक नाही. गाडीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी आवळायची आणि बसायचं. पाठोपाठ इतरांनीही रॅकविरहित पिशव्या काढल्या. जाहिरातींत हे नवं युग होतं. पण दीडशे वर्षांपूर्वीची मोचिला आठवते ना? सामान खोगिराला मिठी मारून बसलेलं आणि वजन स्वाराजवळ. घोडा बदलला, उत्तर तेच.

यामागचं गणित सोपं आहे. मागच्या चाकाच्या धुरीपलीकडे ठेवलेला प्रत्येक किलो तरफेसारखा पुढचं चाक उचलू पाहतो. चढावर पुढचं चाक हलकं झालं की गाडी वळवताच येत नाही. तेच वजन पुढे, खाली आणि स्वाराजवळ आणलं तर गाडीला ते जाणवतही नाही.

एका रात्रीचा हिशेब

मग एका रात्रीसाठी नेमकं काय घ्यायचं? आधी सामान जमिनीवर मांडायचं, मग बॅग घ्यायची. बहुतेक जण उलटं करतात. मोठी बॅग घेतली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. खोगीरभरती म्हणतात ती हीच. छोटा तंबू किंवा ताडपत्री, पातळ झोपायची पिशवी, हवा भरायची चटई, एक जोडी कोरडे कपडे, रेनकोट, बत्ती, पाणी, साधं जेवण, पंक्चरचं सामान, मोजके पाने, औषधं. हे पंचवीस ते पस्तीस लिटरमध्ये बसतं आणि पाणी सोडून नऊ-दहा किलोंत आवरतं. पोनी एक्स्प्रेसचा आकडा इथे परत भेटतो.

पाने आणि पाणी यांसारख्या जड वस्तू खाली आणि सीटच्या बाजूंना; झोपायच्या पिशवीसारखी फुगीर, हलकी वस्तू मागे वर. तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी घ्यावी, कारण पावसाळ्यात सह्याद्रीत चेन लावलेली बॅग आतून भिजतेच. सायलेन्सरच्या बाजूला पिशवी आणि नळी यांत पत्र्याची आड हवी, नाहीतर मुक्कामावर पोचेपर्यंत कापड वितळलेलं असतं. पट्ट्यांची सुटी टोकं खोचून टाकायची. लोंबता पट्टा चेनमध्ये गेला तर मागचं चाक जागीच अडकतं. आकड्याच्या रबरी दोऱ्या टाळलेल्या बऱ्या, त्या सुटतात तेव्हा थेट डोळ्यावर येतात. सगळं बांधून झालं की गाडी धरून जोरात हलवायची. जे हलतं ते घाटात पडतं.

आणखी एक कसोटी, तोबऱ्याची. प्रत्येक वस्तूला दुसरं काम आहे का? कपड्यांची पिशवी उशी होते, रेनकोट वाऱ्याला अडवतो, जेवणाचं भांडंच कपही होतं. ज्या वस्तूला एकच काम आहे आणि तेही कदाचित पडेल असं आहे, ती घरी.

रविवारी परतल्यावर पिशवी धुण्याआधी एकदा सगळं बाहेर काढून दोन ढीग करावेत, वापरलेलं आणि न वापरलेलं. औषधं आणि पंक्चरचं सामान दुसऱ्या ढिगात असणं हे सुदैव, ते पुढच्या वेळीही न्यायचंच. त्या ढिगात उरलेलं बाकी सगळं म्हणजे बाजारबुणगे.