पंचेचाळीस डॉलरचं हसू

विलीनीकरण झालं आणि आमच्या शाखेत तीन गोष्टी आल्या. नवी पाटी, नवे फॉर्म आणि एक परिपत्रक. काउंटरवरील कर्मचाऱ्याने ग्राहकाकडे पाहून स्मित करावे, असा त्याचा मथितार्थ. सोबत माणशी एक पिवळा बिल्ला, वाटोळा, हसरा. आमचे हेडकॅशियर म्हणाले, "हसतो, पण हे हसू नावे टाकायचं की जमा?"

मी पडलो बी.कॉम. बिल्ल्याचं जुनं खातं उघडून बसलो. आणि गंमत बघा, हा बिल्ला जन्मला तोच मुळी विलीनीकरणापोटी!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या स्टेट म्युच्युअल या विमा कंपनीने ओहायोतली दुसरी कंपनी घेतली आणि कर्मचाऱ्यांची तोंडं आंबली. १९६३ साली हार्वी बॉल या चित्रकाराला पाचारण झालं. त्याने पिवळ्या वर्तुळात नुसती जिवणी काढली. मग त्याच्या ध्यानात आलं, की बिल्ला उलटा लावला तर तोंड रडकं होतंय! (असे कारकून सर्वत्र असतात.) म्हणून दोन डोळे आले, एक किंचित मोठा. दहा मिनिटांत काम फत्ते. मेहनताना ४५ डॉलर.

हक्क मात्र ना बॉलने नोंदवला, ना कंपनीने. पुढे फिलाडेल्फियाच्या स्पेन बंधूंनी खाली शुभेच्छा छापून धंदा केला. १९७२ पर्यंत बिल्ल्यांचा खप पाच कोटींच्या घरात गेला. त्याच साली फ्रान्समध्ये लुफ्रानी नावाच्या पत्रकाराने 'फ्रान्स-स्वार' दैनिकात चांगल्या बातम्यांवर हेच तोंड छापलं आणि रीतसर नोंदवलंही. पुढे अमेरिकेत वॉलमार्टशी त्यांचा खटला जुंपला, तो दहा वर्षांवर चालला. हसऱ्या तोंडापायी इतकी वर्षं कोर्टात कुणी रडलं नसेल! १९८२ साली स्कॉट फाल्मन या प्राध्यापकाने तर विनोद हा विनोदच आहे हे कळावं म्हणून संगणकावर विसर्गासारखी दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस अशी खूण सुचवली. आम्हां विनोदी लेखकांना ही सोय फार उशिरा मिळाली.

बॉलला मात्र पैशाची खंत नव्हती म्हणतात. २००१ साली तो गेला. माझ्यातल्या बी.कॉम.ला हे काही केल्या पटेना.

मग पेन्शनचा दिवस आला. एक आजी काउंटरवर आल्या. विलीनीकरणात खात्याचा नंबर बदललेला, पेन्शन सापडेना. त्या माझ्या छातीकडे बघून म्हणाल्या, "माझे पैसे गेले, नि तुम्ही हसताय होय रे?"

मी मुकाट्याने बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला. जुना नंबर शोधला, नव्याला जोडला, पासबुक भरून दिलं. दहा मिनिटांचं काम. आजींनी आकडा दोनदा वाचला आणि हसल्या. तोंडाचं बोळकं, जिवणी वाकडी, मोतीबिंदूमुळे एक डोळा बारीक. थेट बॉलचं चित्र!

त्या दिवशी बॉलचा हिशेब मला पटला.

बिल्ला अजून ड्रॉवरमध्येच आहे. ऑडिटर आले की लावतो.