शब्दवेध : मित्ला
मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, झापोटेकांच्या ज्या प्राचीन नगराच्या भिंती चुन्यावाचून परस्परांत चपखल बसविलेल्या दगडी तुकड्यांच्या भौमितिक नक्षीने आजही नटलेल्या आहेत, त्यास जग ‘मित्ला’ म्हणते. परंतु हे नाव तेथील रहिवाशांचे नव्हे, तर १५ व्या शतकात तेथे अंमल बसविणाऱ्या आझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतील ‘मिक्त्लान’, म्हणजे मृतांचा लोक, याचा अपभ्रंश होय. झापोटेक त्यास ‘ल्योबा’, म्हणजे विश्रांतिस्थान, म्हणत. खुद्द ‘झापोटेक’ ही संज्ञाही नाहुआत्लच, ‘त्सापोत्ल’ या फळनामावरून पडलेली. आपल्या घोलवडच्या चिकूचे ‘सपोटा’ हे इंग्रजी नावही त्याच मुळाचे. जेत्यांचा शब्द स्पॅनिश दप्तरी चढून कायम झाला, हे मला फार बोचते. म्हणून त्या भग्नावशेषांत पाऊल ठेवणाऱ्याने ‘ल्योबा’ हेच नाव प्रथम उच्चारावे.