ब्लीचने उडालेला रंग

मोरी किंवा शौचालय धुताना अंगावरच्या कपड्यावर ब्लीचचा थेंब उडतो. त्या क्षणी तो पाण्याच्या थेंबासारखाच दिसतो आणि दुर्लक्षिला जातो. तासाभराने मात्र काळ्या पँटवर नारिंगी ठिपका उमटलेला असतो. मग साबण, लिंबू, व्हिनेगर असे एकेक घरगुती उपाय सुरू होतात. त्यांतील बहुतेक निरुपयोगी असतात. काही तर कपड्यापेक्षा ते करणाऱ्यालाच अधिक अपायकारक ठरतात.

बोलण्यात या खुणेला डाग म्हटले जात असले, तरी तेथे काहीही चिकटलेले नसते. हळद, शाई, तेल हे बाहेरून आलेले पदार्थ आहेत, म्हणून ते काढता येतात. ब्लीचने तिथला मूळ रंगच नाहीसा केलेला असतो. बाजारात मिळणारे द्रवरूप ब्लीच हे बहुधा सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण असते. रंगद्रव्याच्या रेणूतील ज्या बंधांमुळे कापड रंगीत दिसते, ते बंध ऑक्सिडीकरणाने तुटतात. ही क्रिया उलट फिरवता येत नाही. कपडा कितीही धुतला तरी गेलेला रंग परत येत नाही, तो असा.

ब्लीचची हीच शक्ती एकेकाळी वरदान ठरली होती. अठराव्या शतकापर्यंत युरोपात कापड पांढरे करण्यासाठी ते कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागे आणि त्यात कित्येक आठवडे, कधी महिने जात. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७७४ साली क्लोरिन वायू तयार केला. त्यानंतर १७८५च्या सुमारास फ्रान्सचे क्लोद लुई बर्थोले यांनी त्याचा विरंजनासाठी उपयोग दाखवून दिला. पॅरिसजवळच्या जाव्हेल येथे असे द्रावण तयार होऊ लागले; त्याला आजही ‘जाव्हेलचे पाणी’ म्हणतात. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. पावसाळ्यात गल्लीबोळांत टाकली जाते आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांसाठी वापरली जाते, ती हीच पावडर. साडीचा काठ किंवा पँटचे टोक तिच्या ओल्या थरात भिजले, तर परिणाम बाटलीतल्या ब्लीचसारखाच होतो.

पहिली दहा मिनिटे

थेंब उडाल्याचे लक्षात येताच कपडा वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि भरपूर धुवावा. गरम पाणी वापरू नये, कारण उष्णतेने क्रिया वेगाने होते. धुतल्यानंतरही धाग्यात थोडे ब्लीच शिल्लक राहू शकते आणि ते धागा कमकुवत करत राहते. काही धुण्यांनंतर डागाच्या जागी भोक पडते, त्याचे कारण हेच.

उरलेले ब्लीच निष्प्रभ करण्याचे दोन विश्वसनीय मार्ग आहेत. पहिला हायड्रोजन पेरॉक्साइडचा. औषधाच्या दुकानात साधारणतः ६ टक्क्यांचे द्रावण मिळते. त्यात तेवढेच पाणी मिसळून कपड्यावर लावल्यास ब्लीचचे रूपांतर साध्या मिठात, पाण्यात आणि ऑक्सिजनमध्ये होते. पेरॉक्साइड स्वतःही सौम्य विरंजक असल्यामुळे ते आधी शिवणीच्या आतल्या बाजूस लावून पाहावे आणि पाच मिनिटांत धुऊन टाकावे. दुसरा मार्ग सोडियम थायोसल्फेटचा. मत्स्यालयाच्या पाण्यातील क्लोरिन काढण्यासाठी ते विकले जाते. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून त्यात कपडा थोडा वेळ बुडवावा आणि नंतर स्वच्छ धुवावा. येथे नावाचा एक घोटाळा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छायाचित्रकार थायोसल्फेटला ‘हायपो’ म्हणत आले, तर रुग्णालयांत ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, अर्थात प्रत्यक्ष ब्लीच! नुसते ‘हायपो’ मागून आणलेली बाटली लेबल वाचल्याशिवाय उघडू नये.

व्हिनेगर नको, लिंबूही नको

‘ब्लीच आम्लारी, व्हिनेगर आम्ल, म्हणून एकाने दुसरे मारावे’ हा सल्ला वरवर शास्त्रीय वाटतो, पण तो घातक आहे. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळले की क्लोरिन वायू बाहेर पडतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला वायू हाच. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यामुळे तो द्रव आणि ब्लीच एकाच भांड्यात ओतणे हा तर घराघरांत संभवणारा अपघात आहे. अमोनियायुक्त काच-स्वच्छकात ब्लीच मिसळल्यास क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. स्पिरिटही ओल्या ब्लीचवर लावू नये. डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवला किंवा खोकल्याची उबळ आली, तर मिश्रण तसेच सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. श्वासाचा त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावे. कपड्याचा विचार नंतर.

कापडाचा धर्म

सर्व कापडे ब्लीचला सारखा प्रतिसाद देत नाहीत. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे असल्याने ब्लीचमुळे रंगच नव्हे, तर धागाच नष्ट होतो. पैठणीवर ब्लीचचा थेंब पडणे म्हणजे कापडच गमावणे. पॉलिएस्टरचा रंग बऱ्यापैकी टिकतो. म्हणूनच टेरिकॉटच्या शर्टावर सुती धाग्यांचा रंग जातो, पॉलिएस्टरच्या धाग्यांचा राहतो आणि खूण ठिपक्याठिपक्यांची, अंधूक दिसते. जीन्सची नीळ मात्र ब्लीचपुढे टिकत नाही.

पांढरा कपडा ब्लीचने पिवळा पडला, तर कारण निराळे असते. सुरकुत्या न पडण्यासाठी दिलेला राळेचा लेप काही वेळा क्लोरिन धरून ठेवतो; स्पँडेक्सचे धागे पिवळे पडतात; बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचमुळे तांबूस गंज कपड्यावर बसतो. नीळ घातल्याने पिवळेपणा झाकला जातो, जात नाही.

गेलेला रंग भरून काढणे

ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा असेल, तर कापडासाठीच्या रंगीत पेनाने तो झाकता येतो. एकदम जाड थर न देता पातळ थर दोन-तीनदा द्यावेत आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. काळ्या कपड्यावरील नारिंगी ठिपक्यावर काळी शाई पहिल्या हाताला तपकिरी दिसते, त्याने निराश होऊ नये.

डाग मोठा असल्यास संपूर्ण कपडा पुन्हा रंगवणे हाच मार्ग उरतो. मूळ रंगाहून गडद छटा निवडावी, अन्यथा डागाची जागा वेगळी उठून दिसते. सुती कपड्यासाठी रंगारी आधी हायड्रोज वापरून जुना रंग शक्य तितका काढतात आणि मग नवा चढवतात. त्यामुळे रंग एकसारखा बसतो. पॉलिएस्टरचा शिवणदोरा सुती रंग घेत नाही, त्यामुळे शिलाईची रेघ जुन्याच रंगाची राहते, हे आधीच जाणून घेतलेले बरे. भरतकाम, ठिगळकाम किंवा ठशांची छपाई यांनीही डाग झाकता येतो. कापडउद्योगात रंगीत कापडावरचा रंग मुद्दाम नाहीसा करून नक्षी उमटवण्याची ‘डिस्चार्ज प्रिंटिंग’ ही पद्धतच आहे. एका थेंबाशेजारी आणखी चार थेंब योजून डागाची नक्षी करणे ही कल्पना त्यामुळे अगदीच वेडगळ नाही. मात्र ती जाड सुती कापडावरच करावी आणि शेवटी थायोसल्फेट विसरू नये.

कपड्याच्या आतील पट्टीवरचा त्रिकोण ब्लीचविषयीच असतो. रिकामा त्रिकोण म्हणजे ब्लीच चालेल, आत दोन तिरक्या रेघा असल्यास फक्त क्लोरिनविरहित, फुली मारलेला असल्यास मुळीच नाही. टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर ब्लीचशी संबंध नसतानाही फिकट डाग पडत असतील, तर घरातील कोणी मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम लावते का, ते पाहावे. हे मलमही रंग उडवते. अशा व्यक्तीसाठी पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा ठेवावा.