बाहेरचे आणि आतले : जुन्या भयकादंबऱ्या पुन्हा वाचताना

१९८० च्या दशकात वाचायला लागलेल्या आमच्या पिढीला मराठीची पहिली गोडी कोणी लावली, याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर साहित्य संमेलनांच्या व्यासपीठावर सहसा न उच्चारली जाणारी नावे घ्यावी लागतील. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी. समीक्षकांनी या लेखनाला 'रंजनपर' म्हणून एका कोपऱ्यात बसवले. वाचकांनी मात्र ते हातोहात फिरवून फाटेपर्यंत वाचले.

कसबा बावडा तेव्हा कोल्हापूरचे उपनगर असले तरी वागण्या-बोलण्यात गावच होते. एकीकडे राजाराम साखर कारखाना आणि ऊस, दुसरीकडे पंचगंगा, शहराच्या वाटेवर छत्रपतींचा नवा राजवाडा. भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ररीतून धारपांची कादंबरी मिळाली की ती एका रात्रीत संपवावी लागे, कारण दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दुसरे कोणी थांबलेले असे. पुष्कळदा शेवटची दोन पाने गायब असत आणि शेवट मित्रांना विचारून घ्यावा लागे. आमच्या घरांत बोली दखनी, शाळा मराठी, दादी-नानीच्या गोष्टींत जिन्न आणि परी, आणि उशाखाली धारप. या सगळ्यात काही विसंगती आहे असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते.

आता धारपांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत पुन्हा मिळू लागली आहेत. २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटामागे त्यांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा होती हे कळल्यावर नवी मुलेही त्यांच्याकडे वळली. त्या निमित्ताने आम्हीही ही पुस्तके पुन्हा हाती घेतली. भीती आता पूर्वीसारखी वाटत नाही. पण त्या वयात न दिसलेला एक प्रश्न आता पानापानावर दिसतो : या गोष्टींत कोण कोणाला भिते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. मराठी कादंबरी जन्मली तीच अद्भुताच्या मांडीवर. १८५७ ला बाबा पदमनजींची 'यमुना पर्यटन' ही वास्तवाशी भिडणारी कादंबरी आली खरी, पण वाचकांना वेड लावले ते हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली. गुलबकावली आणि हातिमताईही घरोघर वाचले गेले. म्हणजे जिन्न, तिलिस्म, जादूचा दिवा हे सारे मराठीच्या घरात पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन गेले. हे कोणी उपरे आणले अशी तक्रार तेव्हा झाली नाही.

गावगाड्यातल्या भुतांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे एक पूर्ण समाजव्यवस्थाच नांदते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. संपत्तीत जीव अडकलेला, मागे कोणी न उरलेला समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. आणि खवीस? लोकसमजुतीने मुसलमानाच्या भुताला दिलेले हे नाव. शब्द मूळचा अरबी, 'खबीस', म्हणजे दुष्ट, नापाक. आमच्या घरांत खोड्या करणाऱ्या पोराला हाच शब्द मायेच्या रागाने ऐकवला जाई. जात माणसाला मेल्यावरही सोडत नाही असे आपण म्हणतो, त्याचा पुरावा भुतांच्या या यादीत आहे. गंमत अशी की ज्या समाजाच्या श्रद्धेप्रमाणे मेलेला माणूस कयामतपर्यंत बर्जखमध्ये असतो, भूत होऊन हिंडत नाही, त्याच्याच नावाने भुतांची एक जात ठरवली गेली. जिन्न ही आमच्याकडे मेलेल्यांची रूपे नव्हेत. ती धुराविना ज्वाळेपासून घडलेली स्वतंत्र निर्मिती, माणसासारखीच बरी-वाईट.

याचा अर्थ आमची घरे भयातून मोकळी होती असा नाही. ताविज होते, फुंकर मारलेले पाणी होते, नजर उतरवणे होते. दर्ग्यात 'बाहेरचे' काढून घ्यायला येणाऱ्यांत आमच्याइतकेच शेजारचे हिंदू बांधवही असत, आणि चौकात उतारा दिसला की आमची मुलेही तो वळसा घालून ओलांडत. भीती ही बावड्यात सामायिक मालमत्ता होती.

या पार्श्वभूमीवर धारपांनी (१९२५-२००८) काय केले ते आज अधिक स्पष्ट दिसते. ते विज्ञानाचे पदवीधर, विज्ञानकथाही लिहिणारे. त्यांनी मुंजा-हडळीची ही जातवार यादी बाजूला सारली. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांतले अमंगळ हे कुठल्या जातीचे वा धर्माचे नाही. ते आपल्या जगाला लागून असलेल्या दुसऱ्या एखाद्या मितीतून येते, एखाद्या वाड्याच्या, खोलीच्या, वस्तूच्या फटीतून आत शिरते. त्याच्याशी लढणारा 'समर्थ' हा नायक मनोबलाच्या जोरावर लढतो. पश्चिमेकडून त्यांनी भरपूर घेतले. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर (१९७५) आणि 'शपथ' ही त्याच्याच 'इट'वर (१९८६) बेतलेली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण हे साहित्य त्यांनी वाड्यांत, चाळींत, मध्यमवर्गीय घरांत अशा रीतीने आणून बसवले की आम्हाला ते परके वाटले नाही. खवीस म्हणून आमच्याकडे बोट न दाखवणारे हे पहिले भय आम्हाला मराठीत भेटले. कदाचित म्हणूनच आम्ही ते निर्धास्तपणे वाचू शकलो.

या पुस्तकांवर एक जुना आक्षेप आहे : यांनी अंधश्रद्धा वाढवली. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्याची किंमत किती मोठी आहे ते आपण पाहिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला आमच्याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. तरीही कादंबरी आणि भोंदू यांत आम्ही फरक करतो. कादंबरी आधीच सांगते की मी कादंबरी आहे. तिला शेवटचे पान असते, आणि ते संपले की ती वाचकाकडे काही मागत नाही. भोंदूची गोष्ट संपत नाही, कारण ती संपली तर त्याची मिळकत संपते.

आमचा खरा आक्षेप दुसराच आहे, आणि तो धारपांपेक्षा त्या काळच्या एकूण भयरंजनाशी आहे. आम्हाला आमचे कब्रस्तान परत हवे आहे. १९७२ ला रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला आणि पुढची दोन दशके हिंदी पडद्यावर धुके, कबर आणि मातीतून वर येणारा हात यांची रांग लागली. पुस्तकांची मुखपृष्ठेही त्याच चित्रांनी भरली. ज्या समाजात अग्निसंस्कार होतो त्याला पुरलेला देह अनोळखी वाटावा, हे समजू शकते. पण आमच्यासाठी ती जागा भयाची नव्हतीच. शब-ए-बरातला आम्ही अब्बांचे बोट धरून तिथे जायचो, फुले वाहायचो, अगरबत्ती लावायचो. आत पाऊल टाकताना आधी सलाम करायचा, कारण तिथे आपली माणसे झोपली आहेत, असे शिकवले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मित्र विचारायचा, 'तुला भीती नाही वाटली?' प्रश्न निरागस होता. पण एकाच गावातली एक जागा एका मुलासाठी आजोबांचे घर आणि दुसऱ्यासाठी भुतांचा अड्डा कशी होते, याचे उत्तर त्या मुखपृष्ठांत होते.

इथे एका साध्या मराठी शब्दाकडे लक्ष जाते. भूतबाधेला आपण 'बाहेरचे झाले आहे' असे म्हणतो. वाईट ते बाहेरून येते, आतले सगळे ठीक होते, असे त्यात गृहीत आहे. जगभरच्या भयकादंबरीनेही आधी हेच गृहीत धरले. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त पूर्वेकडचा एक सरदार लंडनमध्ये घर विकत घेतो आणि तिथल्या माणसांचे रक्त नासवतो. परका माणूस, त्याने घेतलेले घर, आणि मग गावाला लागलेली कीड. 'सालेम्स लॉट'चा सांगाडाही वरवर हाच : टेकडीवरचे जुने घर, ते घेणारा उपरा, आणि एकेक करून हरवत जाणारे गाव. लहानपणी आम्ही ही गोष्ट त्या उपऱ्याची म्हणून वाचली. आज वाचताना दिसते की किंगने अर्धे पुस्तक उपऱ्यावर नव्हे, गावावर खर्च केले आहे. चहाड्या, जुने हेवेदावे, घरात होणारी मारहाण, शेजाऱ्याकडे खिडकीतून ठेवलेली नजर. त्या पिशाच्चाला उंबरा ओलांडायचा तर घरातल्याने 'ये' म्हणावे लागते. बाहेरचे आत येते ते आतल्याने बोलावल्यावर.

'इट' तर याहून पुढे जाते. मूळ इंग्रजी कादंबरीतल्या डेरी गावात दर सत्तावीस वर्षांच्या आसपास एक अमंगळ जागे होते आणि मुले नाहीशी होऊ लागतात. मोठी माणसे पाहून न पाहिल्यासारखे करतात. त्या गावाच्या इतिहासात १९३० ची एक आग आहे : कृष्णवर्णीय सैनिकांचा क्लब गोऱ्या द्वेष्ट्यांनी पेटवून दिला. अमंगळ त्या आगीजवळ घुटमळत होते, पण काडी माणसांनी लावली होती. सात मित्रांपैकी सहा जण मोठेपणी गाव सोडतात आणि सगळे विसरतात. मागे राहतो तो एकटा माइक हॅनलन, कृष्णवर्णीय, गावाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. तो जुनी कात्रणे जमवतो, म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवतो, आणि वेळ आल्यावर सगळ्यांना आठवण करून देतो. तरुणपणी आम्हाला हे पात्र निरस वाटायचे. आज संपूर्ण कादंबरीत आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच माणूस.

का वाटतो, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या एका स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. ज्या जिल्ह्यात तालमींमधून गणपती आणि पंजे एका मांडवात बसतात, आणि २०१८ ते २०२० या सलग तीन वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा ते तसे बसलेही, त्या जिल्ह्यात हे झाले. बावड्यातच १८७४ ला जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०६ ला मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, त्या कोल्हापुरात झाले. कुठलेही भूत आले नव्हते. कोणीतरी कुजबुजले, दुसऱ्याने ते पुढे पाठवले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यावर 'बाहेरचा' असा शिक्का बसला.

या कुजबुजीला आमच्याकडे 'वस्वसा' म्हणतात. कुरआनच्या शेवटच्या सूरेत माणसाच्या मनात कुजबुज घालणाऱ्यापासून आश्रय मागितला आहे, आणि तो कुजबुजणारा जिन्नांतला असेल किंवा माणसांतला, असे स्पष्ट म्हटले आहे. लहानपणी धारप वाचून झोप उडाली की आम्ही ही सूरा म्हणायचो आणि आमचे सगळे लक्ष जिन्नांकडे असायचे. 'माणसांतला' या शब्दाकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

बावड्याला खऱ्या संकटाची भीती कशी बाळगावी हे चांगले माहीत आहे. पावसाळ्यात सारे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे पाहते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा कोणाच्या घरात कोणाची माणसे आणि कोणाची जनावरे राहिली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. ती भीती मोजता येत होती, म्हणून माणसे शहाणपणाने वागली. अफवेच्या पाण्याला असा बंधारा नाही, फूटपट्टी नाही. ती कोणीतरी तयार करावी लागेल, आणि ते काम नोंदी ठेवणाऱ्यांचे आहे.

म्हणून आमचे तरुण वाचकांना दोन गोष्टींचे सांगणे आहे. एक, धारप, मतकरी जरूर वाचा, आणि वाचताना भूत कुठून आले यापेक्षा दार कोणी उघडले ते पाहा. दुसरे, आपल्या गल्लीचा, तालमीचा, कब्रस्तानाचा, पुराचा आणि दंग्याचाही इतिहास म्हाताऱ्यांना विचारून मराठीत लिहून ठेवा. तारखांसह, नावांसह, आणि ज्या शेजाऱ्याने त्या दिवशी आपल्याला घरात घेतले त्याचे नाव सर्वांत आधी. आणि ज्यांच्या माळ्यावर त्या जुन्या भाड्याच्या लायब्रऱ्यांच्या प्रती अजून पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. शेवटची पाने नसली तरी चालेल.