तो मागे फिरला

क्षमा हे वीराचे भूषण, असे आपण मुलांना शिकवतो. मीही फळ्यावर ते कितीदा तरी लिहिले आहे. पण ज्याच्या अंगी बळच नाही, त्याने क्षमा करावी ती कशाच्या जोरावर? हा प्रश्न मनात आला की मला हॉलंडातील डर्क विलेम्स आठवतो.

सोळाव्या शतकात त्या मुलखावर स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचा अंमल होता. बाप्तिस्मा अजाण बालकाला न देता जाणत्या वयात श्रद्धेने घ्यावा, असे मानणारा एक ख्रिस्ती पंथ तेथे होता. सत्तेच्या लेखी हा देहान्ताचा अपराध. आस्परेन गावच्या डर्कने असा बाप्तिस्मा घेतला, आपल्या घरी इतरांनाही गुप्तपणे देवविला, आणि तो कैदेत पडला.

कैदेतून तो निसटला. शिपाई पाठीवर होता. वाटेत गोठलेले पाणी आडवे आले. बर्फाचा थर पातळ. डर्क मोठ्या कष्टाने पार झाला, पण शिपायाच्या पायाखाली तो थर फुटला आणि शिपाई पाण्यात गटांगळ्या खाऊ लागला.

डर्कला आता रान मोकळे होते. वैरी आपण होऊनच बुडत होता. तरी तो मागे फिरला आणि त्याने त्या माणसाला बाहेर ओढून काढले.

डर्कला सोडून द्यावे, असे शिपायाच्या मनात होते. पण नगराध्यक्षाने ओरडून त्याला त्याच्या शपथेची आठवण दिली. डर्क पकडला गेला. १६ मे १५६९ रोजी त्याला जिवंत जाळले. १६८५ साली यान लाउकेन या चित्रकाराने तो बर्फावरचा प्रसंग ताम्रपटावर कोरला.

ही हकीकत सांगितली की वर्गात कोणीतरी विचारतोच, "गुरुजी, मग तो फसलाच ना?" पूर्वी मी निरुत्तर होई. आता सांगतो, "बाळ, त्या पळणाऱ्या माणसाच्या हाती घटकाभरच बळ आले होते. शत्रूवर प्रीती करा, ही येशूची शिकवण त्याने ऐकली होती. ते सारे बळ त्याने तिच्यापायी खर्चून टाकले."

मला हे साधले असते का? सांगवत नाही. दिवाळीचा फराळ ज्याच्या घरी धाडताना माझा हात आखडतो, असा एक गृहस्थ आमच्याच आळीत आहे. आणि त्याने काही माझा जीव मागितलेला नाही.