संमतीचा प्रश्न : वाई, मिरज आणि प्लेग

प्लेगच्या काळात लोकांनी लस टोचून घेण्यास जी टाळाटाळ केली, तिची बोळवण आपण ‘अज्ञान’ या एका शब्दात करतो. सातारा-सांगलीचा इतिहास पाहता हा निवाडा घाईचा वाटतो.

१८९४ साली वाईत मिरवणुकीतील वाद्यांच्या वादावरून तेथील प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडणारा अधिकारी म्हणजे साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर रँड. १८९७ मध्ये तोच पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख झाला. साथरोगांचा नवा कायदा हाती होता. गोरे शिपाई घराघरांत शिरत, रोग्याला इस्पितळात नेत आणि नातलगांना विलग छावणीत ठेवत. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच काळात प्लेग सातारा जिल्ह्यातही पसरला होता.

हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पुढे लोकांसाठी ती बहुतांशी ऐच्छिक राहिली. पण काल दार ढकलून आत आलेले सरकारच आज ‘टोचून घेता का?’ असे विचारत असेल, तर त्या प्रश्नात प्रश्न कितीसा उरतो? शिवाय भीती अगदीच निराधार नव्हती. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन पुढे निर्दोष ठरला, पण तोवर बरीच वर्षे लोटली होती.

वाईचा खटला झाला त्याच १८९४ साली, पटवर्धनांच्या मिरज संस्थानात डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ सुरू झाले. शस्त्रक्रियेचा धोका तिथेही होताच. धर्मांतराची शंकाही अनेकांच्या मनात असणार. गरिबाला दुसरा पर्याय फारसा नव्हता, हेही विसरून चालणार नाही. तरी रोगी तिथे आपल्या पायांनी जाई आणि नको वाटल्यास परत फिरू शके. धोका तोलण्याचा अधिकार निदान तेवढा तरी त्याच्यापाशी राही.

उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि धोके सांगितल्यावाचून घेतलेली संमती खरी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. आज शस्त्रक्रियेपूर्वी छापील फॉर्मवर सही घेतली जाते; बहुधा घाईत, आणि पुष्कळदा रोग्याला न कळणाऱ्या भाषेत. त्या सहीला संमती म्हणण्याआधी एवढेच पाहावे : ‘नाही’ म्हणण्याची वाट रोग्याला खरोखर मोकळी होती का?