मुंबईतली सुटी आणि एक मे

१९७३ सालचा उन्हाळा. आमच्या माण तालुक्यात विहिरींनी तळ गाठलेला. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे. मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस चालले होते. शाळेला सुटी लागली तसं बापानं मला एसटीत बसवून मुंबईला चुलत्याकडं धाडलं. गावात सांगितलं, पोरगं मुंबई बघाया गेलंय. खरं म्हणजे घरातलं एक खाणारं तोंड महिनाभर कमी झालं होतं.

तात्या लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत साचेखात्यात कामाला. एका खोलीत आमच्या भागातली नऊ माणसं. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर पाठ टेकायचा.

एक मेला गिरणी बंद. तात्यांनी ठेवणीतला पायजमा-सदरा घातला. म्हणाले, "चल, आज आपला सण हाय." दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसलो. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यागत वाटत होतं. फाउंटनला उतरलो तर हुतात्मा स्मारकाला हार, माणसांची गर्दी, लाल बावटे. तात्यांनी पायातल्या चपला काढल्या. मीही काढल्या. डांबर चटचट भाजत होतं.

"पंचावन साली मी हितंच व्हतो," तात्या म्हणाले. "म्होरं पळणारा गडी पडला. मला वाटलं ठेचाळला."

२१ नोव्हेंबर १९५५ चा तो दिवस. मुंबई महाराष्ट्रापासून तोडू नका म्हणत मोर्चा विधानसभेकडं निघाला होता, त्यावर गोळीबार झाला. पुढं जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर झालं, तेव्हा आणखी माणसं पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गुजरातसह द्वैभाषिक राज्य आलं. लढा थांबला नाही. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यामागं १०६ हुतात्म्यांचं रक्त आहे. हे मी नंतर वाचलं; त्या दिवशी फक्त तात्यांचे ओले डोळे बघितले.

स्मारकावर मशाल धरलेले दोघे आहेत. तात्यांनी बोट केलं, "ह्यो कामगार, म्हंजी मी. त्यो शेतकरी, म्हंजी तुझा बाप."

मग त्यांनी मला बर्फाचा गोळा घेऊन दिला. लालभडक, गोड. अर्धा खाल्ला आणि आई आठवली. ती या उन्हात हातोडी मारत असंल. गोळा घशाखाली उतरंना. तात्यांनी ओळखलं. म्हणाले, "खा. मनीआर्डर कालच केलीया."

त्या मनीऑर्डरींवर आमची सारी वाडी तगली. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबतच गेला. तात्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. ज्या मुंबईसाठी ते गोळीसमोर उभे राहिले, तिथं त्यांना दहा बाय बाराची खोलीही राहिली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तात्यांनी शेवटपर्यंत बापाबरोबर शेळ्या राखल्या. तक्रार केली नाही, पण एक मेला घरात गोडधोड करायला लावायचे.

आता आमच्या शाळेत एक मे म्हणजे झेंडावंदन आणि पोरांचा निकाल. पोरं पास झाल्याचे पेढे वाटतात. मीही घेतो. मग एखाद्याला जवळ बसवतो आणि त्या फाउंटनवरची गोष्ट सांगतो. चपला काढल्या होत्या, तिथपासून.